बिनतिकीट पाव्हणे

सिद्धव्वा अक्का सासरहून, भालकीहून, पहिल्या बसनं उतरली, की तिच्या माहेरी, बिरादारांच्या घरात, सगळे सावरून बसत. दसऱ्याला ती आली तेव्हा एका भाच्याचं मोडत आलेलं लग्न जुळवून गेली होती, आणि उन्हाळ्यात आली तेव्हा दोन भावांचं विहिरीवरून चाललेलं भांडण तिनं असं मिटवलं, की दोघांनाही आपणच हरलो असं वाटत राहिलं. वय पंच्याऐंशीच्या आसपास, गुडघे कामातून गेलेले, पण बोलणं अजून धारेवर. त्या रविवारी ती ओसरीवर येऊन टेकली, तेव्हा तिची भाचेसून सुधारानी स्वयंपाकघरात हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, हलवत होती. अक्काचा आवाज ऐकून तिनं गॅस बारीक केला. आज जेवणं उशिरा होणार हे तिला कळून चुकलं.

अक्काला बोलावलं होतं श्रीशैलनं. हा धाकट्या घरचा मुलगा, सुधारानीचा चुलत दीर, या खेपेला नगरसेवक झालेला. गावात कुणाशीही तो चार तास भांडेल, पण आपल्या दोड्डप्पासमोर, म्हणजे थोरल्या काकांसमोर, त्याला एक वाक्य धड बोलता येत नसे. आणि आज नेमकं त्यांच्याशीच काम होतं.

काम होतं वरच्या ठेसनाचं.

बिरादारांच्या गावाला, चिंचहळ्ळीला, रेल्वेचं एक ठेसन होतं ते तीन मैल लांब, रानात. गाव पडलं सखलात, नाल्याच्या दोन्ही अंगांना. म्हणून गावावरून जाताना रूळ दगडी कमानींवर चढवलेले. त्या कमानींच्या माथ्यावर, बरोबर भाजीबाजाराच्या डोक्यावर, रेल्वेनं पुढं आणखी एक लहान ठेसन केलं आणि त्याला नाव दिलं ‘चिंचहळ्ळी सिटी’. गावात नळ यायच्या आधी सिटी आली, असं लोक म्हणत आणि दगडी पायऱ्या चढत. तिथं रेल्वेचा पगारी माणूस नव्हता. गावातलाच एक जण कमिशनवर तिकिटं विकायचा, त्याला एजंट म्हणत, आणि हे एजंट म्हणजे श्रीशैलचे दोड्डप्पा, सुधारानीचे सासरे वीरभद्रप्पा. पुढं ठेसन बंद झालं. काही वर्षं गाड्या न थांबता वरून जात राहिल्या. मग रूळच गावाबाहेरून सरळ नेले आणि कमानी मोकळ्या झाल्या. आता नगरपालिकेनं वर फुलझाडं लावली होती, बाकडी टाकली होती, आणि पायथ्याशी ठेसनाचा इतिहास सांगणारी शहाबादी फरशी बसवायची होती. उद्घाटनाला आठ दिवस उरले होते. दीप वीरभद्रप्पांच्या हातून लावायचा होता.

“वाच,” अक्का म्हणाली.

श्रीशैलनं खिशातून घडी काढली. नगरपालिकेनं कन्नड आणि मराठीत तयार केलेला कच्चा मजकूर होता. तो तपासून त्यातली मराठी नीट करायचं काम हायस्कुलात शिकवणाऱ्या सुधारानीकडं आलं होतं, म्हणून तीही हात पुसत दारात येऊन उभी राहिली. कमानी कधी बांधल्या, दगड कुठला, ठेसन कधी सुरू झालं, हे सगळं ठीक होतं. शेवटच्या ओळीपाशी श्रीशैलनं आवाज खाली आणला.

“‘प्रवासीसंख्या अत्यल्प असल्यामुळे हे स्थानक बंद करण्यात आले.’”

“अत्यल्प म्हंजे?”

“लई थोडी, अक्का.”

वीरभद्रप्पा खांबाला टेकून बसले होते. ते तसे दिवसाला मोजकं बोलणारे. त्यांनी चहाची बशी खाली ठेवली. “माझ्या ठेसनावर कोनी येत नव्हतं, असं दगडात कोरनार तुमी?”

त्यांच्या आवाजात राग नव्हता, दुखावलेपण होतं, आणि सुधारानीला ते ऐकवलं नाही. या माणसाला तिनं तीस वर्षांत स्वतःसाठी काही मागताना पाहिलं नव्हतं. भाजीत मीठ कमी असलं तरी ते मागत नसत, तसंच खात. आज त्यांना एक गोष्ट हवी होती. त्यांचं ठेसन ओस होतं असं कुणी म्हणू नये, एवढीच.

मग काय, सगळं घर त्यांच्या बाजूनं उभं राहिलं.

“कोन म्हनलं थोडी?” वीरण्णा, म्हणजे वीरभद्रप्पांचे धाकटे भाऊ आणि श्रीशैलचे वडील, मांडी बदलून पुढं सरकले. त्यांचं बी-बियाणाचं दुकान होतं आणि बोलण्यात गिऱ्हाईक परत न जाऊ देण्याची जिद्द होती. “सकाळच्या गाडीला उभं राहायला जागा नसायची. मी सोता तुरीची पोती डब्यात चढवायचो, आनि पोत्यावर मान्सं बसायची.”

“मी चार वर्षं कॉलेजला बीदरला इथूनच गेलो,” सुधारानीचा नवरा शरणबसव म्हणाला. तो बँकेत होता आणि सहसा दोन्ही बाजूंचं बरोबर आहे असं म्हणत असे. पण आज एकच बाजू असल्यानं त्याचीही सोय झाली होती. “पोरांनीच एक डबा भरायचा.”

“आनि मी?” अक्का म्हणाली. “दर पंचमीला, दर दिवाळीला, दर बाळंतपनाला. सासूशी भांडन झालं की मधीच एकदा. त्या पायऱ्या माझ्याइतक्या कोनी चढल्या असतील तर दाखव. थोडी म्हने. लिही गं सुधा, ‘सरकारनं अन्यायानं बंद केलं’ म्हनून.”

“लिहिते,” सुधारानी म्हणाली. तिला गप्प बसता आलं असतं. पण इतकी एकजूट या घरात तिनं पूर्वी कधी पाहिली नव्हती, आणि ती किती टिकते हे बघायचा मोह तिला आवरला नाही. “फक्त एक विचारू का? एवढी सगळी गर्दी होती, तर रेल्वेला ती दिसली कशी नाही? तिकिटं तर खपत असतील ना?”

वीरण्णा छताच्या पंख्याकडं बघू लागले. शरणबसवनं चष्मा काढून पुसायला घेतला.

उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं; लग्नकार्यात हसत हसत सांगायची ती घरची गोष्टच होती. एजंटकी मिळाली त्याच दिवशी अक्का माहेरपण संपवून भालकीला परत निघाली होती. तिनं खिडकीतून नाणी पुढं केली. मागं पिशवी धरून त्यांची आई उभी होती. “भनीकडून पैसे घेतोस व्हय रे?” एवढंच ती म्हणाली. वीरभद्रप्पांनी हात मागं घेतला आणि तो पुढं कायमचा मागंच राहिला. बहिणीला तिकीट नाही, मग भावाला कसं द्यायचं? भावाला नाही, मग भावाच्या सासुरवाडीला? आणि चिंचहळ्ळीत पाव्हणा नसलेला माणूस शोधायचा तर परगावी जावं लागलं असतं. लोकही काही फुकटे नव्हते. कुणी दही आणून द्यायचं, कुणी तीळ, कुणी वांगी. बिरादारांच्या घरात वर्षानुवर्षं वांगी होती आणि रेल्वेच्या हिशेबात चिंचहळ्ळी सिटीला माणूस नव्हता.

“मंजे बघा,” वीरण्णा खाकरून म्हणाले, “अन्याय-बिन्याय नको लिव्हायला. ‘तांत्रिक कारणामुळं’ लिव्हा. कोनालाच कळत न्हाई त्याचा अर्थ.”

“तेच बरं,” श्रीशैल लगेच म्हणाला. “नागेंद्र टपूनच बसलाय. बिरादारांनी ठेसन खाल्लं म्हणून गावभर सांगत सुटंल.” नागेंद्र म्हणजे त्याच्याविरुद्ध पडलेला उमेदवार.

“किंवा मग बंद झाल्याचं लिहूच नये,” शरणबसव म्हणाला. “सुरू झालं एवढंच लिहावं. वाचणाऱ्याला दिसतंच आहे की गाडी नाही.”

पाच मिनिटांपूर्वी एका बाजूला असलेलं घर असं तीन दिशांना पांगलं. अक्का तेवढी भावाकडं बघत होती.

“भद्रा,” ती म्हणाली. ऐंशी ओलांडलेल्या वीरभद्रप्पांना त्या नावानं हाक मारणारं जगात तेवढं एकच माणूस उरलं होतं. “बंद करायच्या आदी रेल्वेनं तुला कायतरी कळीवलं असंल की. येकाएकी तर न्हाई करत कोनी.”

वीरभद्रप्पांनी बशी बाजूला सारली. “कळीवलं व्हतं. पावसाळ्यात साहेब येऊन सांगून गेला. संक्रांतीपतुर तिकिटं वाढली तर ऱ्हाईल म्हनला.”

“मग?”

“मग काय.”

“आमाला कामून सांगितला न्हाईस?”

“काय सांगू? अक्का, आता पैसे काढ, असं म्हनू? वीरण्णाला म्हनू? पाव्हन्याला खिडकीपाशी थांबवून हात पसरू मी?” एवढं बोलूनही त्यांना दम लागला. “ठेसन रेल्वेचं व्हतं. मान्सं माझी व्हती.”

ही गोष्ट मात्र कुणाला ठाऊक नव्हती. वीरण्णा पंखा बघायचे थांबले. सुधारानीला एकदम फार वाईट वाटलं. आपण गंमत म्हणून विचारायला गेलो आणि भलतंच काही उघडं पडलं, असं तिला झालं. एक शब्द टाकला असता तर अख्ख्या गावानं तिकिटं काढली असती. तो शब्द त्यांच्यानं टाकवला नाही, आणि पुढं गाड्या वरून जात होत्या तोवर ते रोज संध्याकाळी पायऱ्या चढून वर जात आणि न थांबणारी गाडी बघून खाली येत.

“अरे येड्या,” अक्का म्हणाली. तिचे डोळे भरले होते आणि ते लपवायच्या फंदात ती पडली नाही. “तू येकदा म्हनला असतास तर मी मागच्या सगळ्या पंचम्यांचं तिकीट काढलं असतं रे.”

“म्हनूनच न्हाई म्हनलो.”

जेवणं झाली. हुग्गीवर तूप वाढताना सुधारानीनं पाहिलं, वीरण्णांनी दुसऱ्यांदा घेतली नाही. हे प्रकरण गंभीर असल्याची यापेक्षा मोठी खूण या घरात नव्हती. शेवटी अक्कानंच हात धुता धुता निकाल दिला. खरं तेच लिहायचं, की गर्दी होती आणि आम्ही तिकीट काढत नव्हतो.

“न्हाई,” वीरभद्रप्पा म्हणाले. “माझ्या मान्सांना चोर म्हनून दगडात घालू व्हय मी?”

म्हणजे पेच असा झाला. गर्दी नव्हती म्हणावं तर ठेसनावर आळ, गर्दी होती म्हणावं तर पाव्हण्यांवर. आणि संध्याकाळपर्यंत ओळ पाथरवटाला द्यायची होती. सुधारानीनं दुपारी दोन भाषांत मिळून सात-आठ वाक्यं लिहिली आणि खोडली. शाळेत ती मुलांना निबंध एका बैठकीत लिहायला लावते, याची तिला आज लाज वाटली.

उन्हं कलल्यावर सगळे बाजारात गेले. अक्काला रिक्षातून नेलं. पायऱ्यांच्या खाली, पहिल्या कमानीच्या सावलीत, हुमनाबादहून आलेला पंचाक्षरी पाथरवट फरशीवर ओला फडका फिरवत बसला होता.

“या,” तो खुशीत म्हणाला. “संपलंच बघा. शेवटची वळ सकाळीच उरकली. ह्या दगडात अक्षर लई सुबक बसतंय.”

सगळ्यांनी वाकून पाहिलं. वर कन्नड, खाली मराठी. मराठी कुणाची होती कोण जाणे. सुधारानीची तरी नव्हती. आणि शेवटी, खोल आणि काळजीनं कोरलेलं, ‘प्रवासीसंख्या अत्यल्प असल्यामुळे हे स्थानक बंद करण्यात आले.’

हळूहळू सगळ्यांची तोंडं श्रीशैलकडं वळली.

“मी म्हटलं सुरू तर करू दे,” तो पुटपुटला. “उद्घाटनाला उशीर नको म्हणून परवाच कच्चा मजकूर देऊन ठेवला व्हता. एवढ्या लवकर हा शेवटाला येईल असं मला काय माहीत.”

“मी कामात चुकारपना करत न्हाई,” पंचाक्षरी म्हणाला.

एरवी श्रीशैलची धडगत नव्हती. वीरण्णांनी पोराला बोलायला तोंड उघडलंही. पण वीरभद्रप्पा त्या ओळीवर बोट ठेवून उभे राहिले, मग वळले आणि घराकडं चालू लागले. त्यांची ती पाठमोरी चाल बघून धावत जाऊन त्यांना धरावं असं सुधारानीला वाटलं, पण धरून सांगायचं काय, ते तिच्याकडं नव्हतं.

“खाली जागा हाय का रे?” अक्कानं रिक्षातूनच विचारलं.

“हाय की. हातभर हाय.”

“मग तिथं माझं नाव घाल. सिद्धव्वा, भालकी. वर लिही, हिनं कधी तिकीट काढलं न्हाई.”

वीरभद्रप्पा थांबले. “अक्का, कायतरीच काय.”

“माझं नाव हाय, मी घालायले. तू कोन इचारनारा? थोडी मान्सं व्हती म्हनतोय न्हवं हा दगड? मग येक तर मी व्हते, हे बी सांगू दे त्याला.”

सुधारानीला दिवसभर न सुचलेलं वाक्य तिथं, रिक्षाच्या चाकाशी उभ्या उभ्या सुचलं. तिनं पंचाक्षरीच्या खडूनं ओळीखाली लिहिलं: ‘हे त्या अत्यल्पांतले काही. हे एजंटचे पाव्हणे होते, म्हणून त्यांना तिकीट नव्हते.’ खाली अक्काचं नाव लिहिलं. मग मनातल्या मनात काही हिशेब करून शरणबसवनं बायकोच्या हातातून खडू घेतला आणि आपलंही नाव घातलं. लग्नानंतर इतक्या वर्षांत त्यानं कुणाला न विचारता केलेली ही पहिलीच गोष्ट असावी.

वीरण्णा मात्र अडून राहिले. दुकान आहे, लोक काय म्हणतील, पोराचं राजकारण आहे, असं बरंच त्यांनी सांगितलं. रात्रभर ते या मतावर होते. दुसऱ्या दिवशी त्यांना कळलं, की लाकडाच्या वखारीवाला गुरुपादय्या सकाळीच पंचाक्षरीकडं जाऊन आपलं नाव देऊन आला.

“तो कुठला पाव्हना?” वीरण्णा चप्पल शोधत म्हणाले. “त्याच्या मेव्हन्याच्या साडूची पोरगी आपल्यात दिलेली, तेवढंच. तो वर आनि मी सख्खा भाऊ न्हाई?” पंचाक्षरीकडं जाऊन त्यांनी आपलं नाव गुरुपादय्याच्या वर घालायला लावलं, आणि तुरीच्या पोत्यांचाही उल्लेख करता येईल का म्हणून विचारून पाहिलं.

मग गावच लोटलं. दगडावर नाव नसणं म्हणजे आपण वीरभद्रप्पांचे कुणी नव्हतो, असा त्याचा अर्थ व्हायला लागला. कुणी आईचं नाव घेऊन आलं, कुणी वारलेल्या आजोबांचं. एकानं तर आपण एकदा चुकून तिकीट काढलं होतं, ते चालेल का, असं चाचरत विचारलं. त्याला परत पाठवलं. बुधवारी दस्तुरखुद्द नागेंद्र आला. श्रीशैल लगबगीनं फरशीपुढं जाऊन उभा राहिला. पण नागेंद्र टोपी काढून म्हणाला, “आमची आजी या गाडीनं भाजी-माळवं घेऊन बीदरला जायची. तिला इसरू नका.” शुक्रवारपर्यंत दगड संपला. पंचाक्षरीनं हुमनाबादला फोन करून दुसरी फरशी मागवली.

उद्घाटनाच्या सकाळी वीरभद्रप्पा धुतलेलं धोतर नेसून, कपाळाला विभूती लावून निघाले. त्या संध्याकाळनंतर ते बाजाराकडं फिरकले नव्हते आणि घरात कुणी त्यांना पुढच्या नावांचं काही सांगितलं नव्हतं. अक्कानं तशी तंबीच दिली होती. पायथ्याशी माणसांची रीघ होती. लोक आपापल्या नावावर बोट ठेवून पोरांना दाखवत होते. वीरभद्रप्पांना बघून त्यांनी वाट करून दिली.

त्यांनी वरची ओळ वाचली, प्रवासीसंख्या अत्यल्प. मग खालची नावं वाचायला घेतली. एकेक नाव ओठांत म्हणत, सावकाश. पहिली फरशी संपली, ते सरकून दुसरीपाशी गेले. वर मांडवात पाहुणे खोळंबले होते, श्रीशैल घड्याळ बघत होता, आणि अक्का खुर्चीवर बसून त्याला हातानं गप्प करत होती. वाचता वाचता वीरभद्रप्पा हसायला लागले. हसता हसता त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले, आणि परत वाचू लागले.

शेवटच्या नावाशी पोचल्यावर ते वळले. सुधारानी मागंच उभी होती.

“तुझं कुटं हाय?”

“माझं कसं असेल, मामा? मी या घरात आले तेव्हा ठेसन बंद होऊन दोन वर्षं झाली होती. मी त्या गाडीत कधी बसलेच नाही.”

वीरभद्रप्पांनी पंचाक्षरीला हातानं जवळ बोलावलं आणि फरशीवरच्या मोकळ्या जागेवर बोट ठेवलं.

“बसली असतीस,” ते सुनेला म्हणाले, “तर मी तुला तिकीट मागितलं असतं व्हय?”